सभामंडपाची फरशी : औसा तालुक्यातील एका मंदिराच्या दगडखरेदीचे प्रकरण

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका गावाने ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार लोकवर्गणीतून केला. त्या कामात फरशीसाठी दगड कोणता घ्यावा आणि तो कोणाकडून घ्यावा, हे विश्वस्त मंडळाने कसे ठरवले, याची ही नोंद आहे. तांत्रिक सल्ल्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे असल्यामुळे दर मागवण्यापासून पहिल्या पावसाळ्यानंतरच्या पाहणीपर्यंतचे टप्पे जवळून पाहता आले. घर, शाळा किंवा मंगल कार्यालय बांधणाऱ्यांनाही नैसर्गिक दगड घेताना याच अडचणी येतात, म्हणून तपशील हात आखडता न घेता दिले आहेत.

काम एकंदर २,४०० चौरस फुटांचे होते. गाभारा आणि अंतराळ (गाभाऱ्यासमोरची छोटी जागा) मिळून १५०, सभामंडप १,५००, आणि उघडा प्रदक्षिणा मार्ग व पायधुणी मिळून ७५० चौरस फूट. जुन्या मंडपात शहाबादी फरशीच होती. ती जागोजागी उचलली गेली होती, सांधे फाकले होते, आणि त्यामुळे 'शहाबादी टिकत नाही' असा समज गावात पक्का झाला होता. प्रत्यक्षात फरशी उखडून पाहिली तेव्हा बहुतेक दगड शाबूत निघाले; दोष खालच्या काळ्या मातीचा होता. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर पुरेसा मुरूम न टाकता बसवलेली कोणतीही फरशी, मग ती कितीही महाग असो, हलल्याशिवाय राहत नाही. दगडाच्या माथ्यावर मातीचा दोष मारला जाण्याचा हा प्रकार मराठवाड्यात इतक्या ठिकाणी दिसतो की, नवी फरशी निवडण्याआधी जुनी का बिघडली हे उकरून पाहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या बैठकीत तीन सूचना आल्या. वर्गणी मोठी देणाऱ्यांचा कल सगळीकडे मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराकडे होता, तरुण मंडळींना आरशासारखा चमकणारा काळा ग्रॅनाइट हवा होता, आणि काहींच्या मते व्हिट्रिफाइड टाइल बसवून मोकळे व्हावे. तिन्ही सूचना रंगाच्या आणि चमकेच्या होत्या. त्या जागेवर रोज काय सांडणार, कोण बसणार आणि कोण अनवाणी चालणार, याचा विचार कोणीच केला नव्हता. म्हणून दर मागवण्याचे काम थांबवून आधी तिन्ही जागांचा वापर लिहून काढला.

जागेनुसार दगड

गाभाऱ्यात रोज अभिषेक होतो. दूध, दही, मध, तूप, नारळाचे पाणी, लिंबू, तेल, कुंकू, कापराची काजळी हे सगळे तेथे जमिनीवर येते. संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा आणि तांदूर हे सगळे चुनखडीच्या घराण्यातले दगड आहेत. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि आंबट पदार्थाशी त्याचे जमत नाही. लिंबातले आणि दह्यातले आम्ल त्याचा पृष्ठभाग खाते. हे बैठकीत तोंडी सांगितले असते तर कोणाला पटले नसते, म्हणून पॉलिश केलेल्या संगमरवराच्या आणि ग्रॅनाइटच्या तुकड्यांवर अर्धे कापलेले लिंबू उपडे ठेवून ते रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी ग्रॅनाइट ओल्या फडक्याने पुसताच पूर्ववत झाला. संगमरवरावर मात्र लिंबाच्या घेराएवढे गोल, निस्तेज वलय उमटले होते, आणि बोट फिरवले असता तेथे चमक जाऊन खरखर लागत होती. हा डाग नसून झीज असते; ती धुऊन जात नाही, पुन्हा घासून पॉलिश करावे लागते. गुरवकाकांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि गाभाऱ्यात संगमरवर नको, हे त्यांनीच विश्वस्तांना सांगितले.

ग्रॅनाइट मुख्यतः सिलिकायुक्त खनिजांचा बनलेला असल्याने आम्ल त्याला असे खात नाही आणि तो पाणीही फार कमी पितो. गाभाऱ्यासाठी तो ठरला; मात्र आरशासारख्या पॉलिशचा नव्हे. ओल्या, तुपाळ जमिनीवर मिरर पॉलिश म्हणजे वृद्ध भाविकांना पाडण्याची सोयच. पृष्ठभाग किंचित खडबडीत ठेवणारे लेदर फिनिश घेतले.

सभामंडपाचे गणित वेगळे. तेथे अखंड हरिनाम सप्ताहात माणसे तासन्‌तास जमिनीवर बसतात, महाप्रसादाच्या पंगती उठतात, भात-वरणाची भांडी ओढली जातात आणि शेकडो पायांबरोबर वाळूचे कण आत येतात. वाळूतल्या गारेच्या कणांचा कठीणपणा १ ते १० च्या मोह मापनात ७, तर चुनखडी दगडाचा सुमारे ३. त्यामुळे चुनखडीच्या फरशीवर ओरखडे उठणार, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ३० मिलिमीटर जाडीचा दगड काही वर्षांनी पुन्हा घासून नवा करता येतो, पुन्हा काही वर्षांनी परत घासता येतो. वरचा पातळ थर गेल्यावर टाइल टाकूनच द्यावी लागते. शिवाय छताखाली शहाबादी फरशी उन्हाळ्यातही बसायला सुखद असते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सभामंडपासाठी शहाबादी ठरली, यंत्राने कडा कापलेली आणि हाफ पॉलिशची.

सर्वांत अवघड जागा प्रदक्षिणा मार्गाची. वर छत नाही, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि भाविक अनवाणी. येथे काळा दगड शोभून दिसेल, असा एका विश्वस्तांचा आग्रह होता. काळा कडप्पा, करडी शहाबादी आणि पिवळसर तांदूर यांचे नमुने शाळेच्या गच्चीवर दुपारी ऊन तापेपर्यंत ठेवले आणि आग्रह धरणाऱ्यांसह सर्वांनी त्यांच्यावर पाय ठेवून पाहिला. काळ्या कडप्प्यावर पाय टेकवत नव्हता. पिवळा तांदूर गार होता असे अजिबात नाही, परंतु त्यावर चार पावले टाकता येत होती. गडद रंग ऊन अधिक शोषतो, ही शाळेत शिकलेली गोष्ट दगड घेताना विसरली जाते. पिवळा तांदूर, पॉलिश न करता नैसर्गिक पृष्ठभागाचा, असा निर्णय झाला आणि उन्हाळ्यात त्यावर काथ्याची पट्टी अंथरायची तरतूदही लिहून ठेवली.

याच बैठकीत भिंतींना बाहेरून दगडी लाद्या चिकटवण्याचा विषय निघाला आणि तो फार काळ चालला नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप याच तालुक्यातला. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती अंगावर कोसळून माणसे गेली, हे पाहिलेली पिढी विश्वस्त मंडळात आहे. उंचावर बसवायच्या जड लाद्यांना नुसते सिमेंट पुरत नाही, धातूच्या पकडीने त्या भिंतीशी बांधाव्या लागतात. तो खर्च आणि त्यावरची देखरेख झेपणारी नव्हती. दगड फक्त पायाखाली, असे एकमताने ठरले.

दगड येतो कोठून

मराठवाड्याच्या जमिनीखाली बहुतांश काळा बेसाल्ट आहे. वेरूळचे कैलास लेणे त्यातूनच कोरले गेले. परंतु बेसाल्ट हा लाव्हारस थिजून झालेला दगड. तो सहसा पातळ, सपाट पाट्यांत सुटत नाही. चुनखडी पाण्याखाली थरावर थर साचून बनते, त्यामुळे खाणीत पहार लावली की ती थराच्या रेषेने अलग होते. फरशी म्हणून ती शतकानुशतके वापरली गेली, त्याचे कारण हेच. आपल्याला सर्वांत जवळची अशी चुनखडी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादच्या परिसरात आणि तेलंगणातील तांदूरच्या परिसरात आहे. लातूर भागातील माणसाला हा मुलूख परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे सगळे हैदराबाद राज्यातच होते आणि सोयरीक व व्यापार आजही सीमेपलीकडे चालतो; शहाबादच्या अनेक व्यापाऱ्यांना मराठी उत्तम येते. औशाहून किल्लारी, उमरगा, आळंद, कलबुर्गी असा रस्ता धरला तर माणूस माल पाहून त्याच दिवशी परत येऊ शकतो. कोटा राजस्थानातून आणि कडप्पा आंध्र प्रदेशातून येतो, म्हणजे त्यांत भाड्याचा वाटा मोठा आणि खाणीवर जाऊन पाहण्याची सोय कमी.

ही जवळीक विक्रेत्याच्या विश्वासार्हतेशी थेट जोडलेली आहे. जेथे आपण जाऊन ढीग पाहू शकतो, तेथे निवडीचा अधिकार आपल्या हातात राहतो.

नमुन्याची तपासणी

तीन ठिकाणांहून दर आले: एक शहरातले मोठे दुकान, एक मध्यस्थ, आणि एक शहाबादजवळची कापणी-पॉलिशची गिरणी. सर्वांत कमी दर मध्यस्थाचा होता. तिघांकडूनही नमुने मागवले, पण नमुना पाहून समाधान मानायचे नाही, हे आधीच ठरले होते. नमुना सुरेख असणे ही विक्रेत्याची तयारी असते, मालाची हमी नव्हे.

पहिली तपासणी कानाची. फरशी एका कडेवर उभी धरून लोखंडी पान्याने हलकेच ठोकली की निर्दोष दगड खणखणीत वाजतो आणि आतून भेगाळलेला किंवा थर सुटलेला दगड बद्द आवाज देतो. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे होते, "वाजवून बगा मालक, खोटा माल लगेच बोलतंय." दुसरी तपासणी पाण्याची. फरशी पूर्ण भिजवून सावलीत वाळू द्यायची. पृष्ठभाग वाळत जातो तशी जेथे केसासारखी बारीक भेग असते, तेथे पाणी धरून राहते आणि फिक्या दगडावर काळपट रेघ स्पष्ट दिसते. शहरातल्या दुकानातून आलेल्या एका नमुन्यावर अशी रेघ कोपऱ्यापासून जवळजवळ मध्यापर्यंत गेलेली होती. कोरडा असताना तोच दगड डोळ्यांना निर्दोष वाटत होता. तिसरी तपासणी कडेची. कडेवर मातकट, मऊ थराची रेघ दिसली आणि तिच्यात नख रुतले, तर पुढे तेथूनच पापुद्रा सुटणार असे समजावे.

पाणी शोषण्याची चाचणी घरच्या घरी अंदाजापुरती करता येते. तळहाताएवढा तुकडा उन्हात चांगला वाळवून सोनाराच्या काट्यावर तोलावा, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावा, ओल्या फडक्याने वरचे पाणी टिपून पुन्हा तोलावा. ५०० ग्रॅमचा तुकडा ५०४ ग्रॅम भरला तर शोषण ०.८ टक्के. भारतीय मानक आयएस ११२४ मध्ये या चाचणीची रीतसर पद्धत दिलेली आहे आणि मोठ्या कामासाठी ती अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. तुलनेसाठी म्हणून सांगतो: अमेरिकन मानकांत ग्रॅनाइटसाठी ०.४० टक्के आणि सर्वांत घट्ट वर्गातील चुनखडीसाठी ३ टक्के ही कमाल मर्यादा आहे. महाप्रसादाची हळद आणि तेल ज्या जमिनीवर सांडणार, तेथे हा आकडा जितका लहान तितके बरे.

ग्रॅनाइटच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घेतली. करड्या छटेचा स्वस्त दगड काळा दिसावा म्हणून त्याला तेल किंवा रंग चोळण्याचा प्रकार बाजारात चालतो. पांढऱ्या कापसावर ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढण्याचा द्रव, घेऊन दगड जोरात पुसला आणि कापूस काळा झाला, तर तो रंग दगडाचा नाही. आमचा कापूस पांढराच राहिला. त्याच तुकड्यावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे येत नाहीत, हेही पाहिले. ग्रॅनाइटच्या नावाखाली काळी चुनखडी गळ्यात पडू नये, हा त्यामागचा हेतू.

विक्रेत्याची पारख

दगडाइतकीच विक्रेत्याची चौकशी केली. प्रत्येकाचा जीएसटी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून तो चालू आहे का आणि नाव जुळते का, ते पाहिले. पाच वर्षांपूर्वी माल घेतलेल्या दोन गिऱ्हाइकांचे पत्ते प्रत्येकाकडून मागितले आणि तेथे जाऊन फरशी पाहिली. नवी फरशी पाहण्यात काही अर्थ नसतो. पाच पावसाळे आणि पाच उन्हाळे खाल्लेल्या फरशीचे कोपरे आणि सांधे सगळे सांगून जातात. गिरणीवाल्याने एका आडत दुकानाचा पत्ता दिला. तेथे पोत्यांची थप्पी रोज चढते-उतरते, तरीही फरशीचे कोपरे शाबूत होते. चमक गेली होती आणि मालकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. मध्यस्थाने पत्ते "देतो, देतो" म्हणत दिलेच नाहीत.

पक्क्या बिलाचा विषय काढल्यावर मध्यस्थाचे उत्तर असे होते: "देवाचं काम हाय मालक, बिलाचं कशाला एवढं? दर कमी करून देतो की." धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करणाऱ्या न्यासाला बिलाशिवाय खरेदी करताच येत नाही, हे एक झाले. पण हिशेब द्यायचा नसलेल्या साध्या घरमालकानेही बिल सोडू नये, कारण बिलावर जाडी, माप आणि दर्जा लिहिलेला नसेल तर तक्रार करायला हातात काहीच उरत नाही. परराज्यातून ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल येताना ई-वे बिल लागते; ते नसेल तर ट्रक वाटेत अडकतो आणि काम खोळंबते ते आपलेच.

हे सगळे समोर असूनही सभामंडपाच्या फरशीची मागणी बहुमताने मध्यस्थाकडे गेली. दर कमी होता, आणि बैठकीनंतर त्याने पक्के बिल द्यायचेही मान्य केले. माझी शिफारस गिरणीची होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा निदान मागणीपत्र काटेकोर असावे एवढा आग्रह धरला आणि तो विश्वस्तांनी पूर्णपणे मानला. मागणीपत्रात फरशीची लांबी-रुंदी, ३० मिलिमीटर जाडी व त्यात कमाल ३ मिलिमीटरचा फरक, चारही कोन गुण्यात (काटकोनात), एकाच खाणीच्या थराचा माल, नापसंत दगड बदलून देण्याची व परतीच्या भाड्याची जबाबदारी विक्रेत्याची, आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायची, असे लिहिले. पसंत केलेल्या फरशीचे दोन तुकडे करून एक विक्रेत्याला दिला, एक न्यासाच्या कपाटात ठेवला आणि दोन्हींवर तेलरंगाने सह्या केल्या. आगाऊ रक्कम अगदी थोडी दिली.

काट्याची पावती

ट्रक गावात शिरण्याआधी भरलेला आणि रिकामा असा दोनदा वजनकाट्यावर तोलायचा, हे आम्ही मागणीपत्रातच घातले होते. त्याची गरज काय, असे अनेकांनी विचारले. चुनखडी दगडाचे घनमीटरमागे वजन साधारण २,६५० किलो धरले तर एक चौरस फूट, ३० मिलिमीटर जाड फरशी सुमारे ७.४ किलो भरते. १,५०० चौरस फूट माल म्हणजे सुमारे ११ टन. ट्रक भरलेला तोलला, गावात उतरवण्याआधी चालकाकडून गाडीच्या रिकाम्या वजनाची आदली पावती घेतली, आणि वजाबाकी साडेनऊ टनांच्याही आत आली. दीड टनांहून अधिक तूट कोठे गेली असेल, याची दोनच उत्तरे संभवतात: एकतर फरशी कमी आहे, नाहीतर ती पातळ आहे.

नग मोजले तर ते बरोबर होते. मग व्हर्नियर कॅलिपर घेऊन प्रत्येक थप्पीतली वरची, मधली आणि तळाची फरशी काढून चारही कोपऱ्यांवर जाडी मोजली. वरच्या फरश्या ३० मिलिमीटरच्या होत्या. मधल्या आणि तळाच्या २४ ते २६ च्या दरम्यान. काही फरश्या एका कोपऱ्याला २९ आणि समोरच्या कोपऱ्याला २३ अशा तिरक्या होत्या. अशा फरशीखाली मसाला (सिमेंट-वाळूचे मिश्रण) कमी-जास्त भरावा लागतो आणि जेथे पोकळी राहते तेथेच पुढे ती तडकते.

"पाच-सहा मिलिमीटरनं काय व्हतंय?" हा मध्यस्थाचा फोनवरचा प्रश्न. व्हायचे ते असे: वाकण्याला तोंड देण्याची दगडाची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जाडी ३० वरून २५ वर आली म्हणजे ती सहाव्या हिश्शाने घटली, पण ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटली. स्वयंपाकाचे मोठे हंडे आणि ध्वनिक्षेपकांचे खांब जेथे उभे राहणार, तेथे हा फरक सोडून देण्यासारखा नाही. २५ मिलिमीटरची फरशी मुळात वाईट असते असे नाही, घराच्या खोलीत ती उत्तम चालते. पण पैसे ३० चे आणि माल २५ चा, हा व्यवहार खोटा होता.

यावर दर कमी करून माल ठेवून घ्यावा, अशी सूचना आली. अध्यक्ष आप्पांनी ती मानली नाही. वर्गणीत निराधार योजनेच्या पैशांतून शंभर रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांना काय सांगायचे, एवढेच त्यांनी विचारले. सह्यांचा तुकडा आणि काट्याच्या पावत्या समोर ठेवल्यावर मध्यस्थाला वाद घालायला जागा उरली नाही. ट्रक न उतरवता परत गेला. आगाऊ रक्कम मात्र अनेक फेऱ्या मारल्यानंतर, तीही दोन हप्त्यांत मिळाली.

त्यानंतर तीच अटींची यादी घेऊन आम्ही शहाबादजवळच्या गिरणीवर गेलो आणि ढिगातून माल स्वतः निवडला. तिथल्या मालकांनी एक गोष्ट आपणहून सांगितली, जी दुसऱ्या कोणी सांगितली नव्हती: शहाबादी फरशीच्या रंगात एकाच थरातही करडी आणि निळसर छटा येते, सगळा माल एकसारखा देतो असे म्हणणारा खोटे बोलतो. स्वतःच्या मालाची मर्यादा आधी सांगणारा विक्रेता माझ्या लेखी अधिक भरवशाचा. त्यांचा ट्रक आला तेव्हा वजन हिशेबाला जुळले. वाहतुकीत फुटलेल्या आणि बद्द वाजणाऱ्या फरश्या बाजूला काढल्या, त्यांची छायाचित्रे पाठवली आणि पुढच्या खेपेत, तांदूरच्या पिवळ्या मालासोबत, बदली फरश्या विनातक्रार आल्या. कापाकापीत आणि तुटीत जाणारा माल धरून आठ टक्के जास्त घेतला होता. पुढे दुरुस्ती लागली तर त्याच थराचा दगड मिळत नाही, म्हणून उरलेल्या फरश्या विकू नयेत, असा ठराव झाला.

बसवणी आणि पहिला पावसाळा

चांगला दगड बसवणीत बिघडू शकतो, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. काळी माती काढून त्या जागी थराथराने पाणी मारून दाबलेला मुरूम भरला, त्यावर काँक्रीट केले. चार वेगवेगळ्या थप्प्यांतल्या फरश्या मिसळून आधी कोरड्या मांडून पाहिल्या, म्हणजे करडी आणि निळसर छटा ठिपक्याठिपक्याने एकत्र न येता सगळीकडे विखुरली. ग्रॅनाइट कापताना पाण्याची धार चालू ठेवणे आणि तोंडाला मास्क बांधणे कारागिरांना बंधनकारक केले. ग्रॅनाइटच्या धुळीतल्या सिलिकाने फुफ्फुसे निकामी होतात आणि त्यावर औषध नाही.

पाण्याचा प्रश्न लातूर जिल्ह्यात वेगळा सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये येथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. फरशीची घासाई आणि पॉलिश पाण्यावरच चालते, म्हणून ते काम दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असताना उरकले. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कालवलेला मसाला फरशीच्या सांध्यांतून पांढरे क्षार बाहेर टाकतो, त्यामुळे मसाल्यासाठी विहिरीचे तुलनेने गोडे पाणी वापरले. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री सवयीने ॲसिडची बाटली घेऊन आले होते. चुनखडीच्या फरशीवर ते ओतले असते तर लिंबाने जे वलय रात्रभरात उमटवले ते ॲसिडने क्षणात संपूर्ण मंडपभर उमटवले असते. डाग पत्र्याच्या पट्टीने खरवडून, ओल्या पॉलिश-पाटीने घासून काढले.

पहिल्या पावसाळ्यानंतर विश्वस्त, गिरणीमालक आणि मिस्त्री यांच्या समक्ष पाहणी झाली. सभामंडपात एकही फरशी हललेली नव्हती. ठोकून पाहता काही मोजक्या फरश्या खालून पोकळ वाजल्या. तो बसवणीचा दोष असल्याने त्या मिस्त्रींनी उचलून पुन्हा बसवल्या आणि गिरणीची राखून ठेवलेली दहा टक्के रक्कम पूर्ण देण्यात आली. प्रदक्षिणा मार्गाच्या एका कोपऱ्यात पाणी साचत होते, तेथे उतार दुरुस्त केला. पायधुणीच्या नळालगतच्या तांदूर फरश्यांवर पांढरे क्षार आणि एका ठिकाणी सुटू लागलेला पापुद्रा आढळला. कारण नळाची कायमची गळती आणि बोअरचे पाणी हे होते. क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढले, तो नळ विहिरीच्या टाकीला जोडण्याचे काम ग्रामपंचायतीच्या प्लंबरकडे दिले, आणि पापुद्रा सुटलेल्या फरशा लगेच न बदलता आणखी एक पावसाळा पाहून साठ्यातल्या फरशांनी बदलायच्या, असे इतिवृत्तात नोंदवले.